अंगणावर पाणी ओतून बघा

॥ श्री ॥

वरची वाडी, पो. नाते, ता. महाड
१९ सप्टेंबर २०२४

चि. अक्षय यास,
गोदूबाईचे अ. उ. आ.

आधी माझी ओळख देते, म्हंजे वाचताना तुझा गोंधळ व्हायला नको. मी गोदूबाई. दत्ताराम म्हणून तुझा जो बाप हाय, त्याची आई. नाते गावाच्या वर डोंगराच्या कुशीत जी वाडी हाय, तिथं माझं घर. यंदा गणपतीला सगळी वाडी मुंबईहून आली, अगदी जे सुतकात होते तेसुद्धा लांब उभे राहून गेले. फक्त तुला रस्ता आठवला नाय. तुझ्या बापानं सांगितलं की तुला सुट्टी मिळाली नाय. गणपतीला सुट्टी नसते ती पोलिसांना आणि तुला. तू पोलीस झालास की काय, ते कळव.

मी बोलते हाय आणि मैना लिहिते हाय. मैना म्हंजे शेजारची, अंगणवाडीची बाई. तिचं अक्षर सुरेख हाय असं ती स्वतःच सांगते. मला तर सगळीच अक्षरं गुळावर चाललेल्या मुंग्यांसारखी दिसतात. फोन का नाय केला म्हणशील. फोन केला की तुझा बाप तुझ्या हातातून ओढून घेतो, आणि ही गोष्ट त्याच्या कानावर जायची नाय. म्हणून पत्र, आणि तेही घरी नाय, तुझ्या गोदामाच्या पत्त्यावर.

तर ऐक. श्रावणात मी अंगणात पडले. सकाळी तुळशीकडे जात होते, फरशीवर हिरवं शेवाळ धरलेलं, पाय सरकला आणि मी बसले ती बसलेच. हाड मोडलं नाय, पण घोटा भोपळ्यासारखा सुजला. मैनानं मला रिक्षात घालून सव गावच्या गरम पाण्याच्या झऱ्यावर नेलं, शेक घेतला, आता नीट चालते. पण तुझ्या बापानं गणपतीत मला मागून चालताना बघितलं. माणसाला मागून बघू नये रे, मागून सगळेच म्हातारे दिसतात. आरती झाली, आणि हातातलं तबकसुद्धा खाली न ठेवता त्यानं जाहीर केलं की आता आईला डोंबिवलीला नेणार. कायमची. इथं कुलूप.

मी त्याला म्हटलं की मला पाडलं फरशीनं, तर कुलूप फरशीला लाव. तो म्हणाला की फरशी काय, तिला दरसाल पाऊस लागणार आणि दरसाल शेवाळ धरणार. बोलणं वाढलं. तुझी आई वैशाली मध्ये पडली नसती तर मोदक तसेच राहिले असते. शेवटी पैज लागली. तुळशीच्या लग्नाला तो येणार. उंबऱ्यापासून तुळशीपर्यंत फरशीवर हंडाभर पाणी ओतणार आणि स्वतः अनवाणी चालणार. पाय सरकला नाय, तर मी इथंच राहायचं आणि त्यानं पुन्हा विषय काढायचा नाय. सरकला, तर मी मुकाट्यानं बोचकं बांधायचं. पलीकडच्या घरातला कोंडाजी साक्षीला होता. तो प्रसादाला थांबला होता, साक्ष फुकटात मिळाली.

डोंबिवलीला मी राहून बघितलं हाय. तिथं खिडकीतून दुसऱ्याची खिडकी दिसते. कोणी आलं तर बेल वाजवतं आणि मी उठून दार उघडेपर्यंत निघून जातं. इथं मी अंगणात बसले की सगळी वाडी माझ्या समोरून जाते, आणि जाणाऱ्या प्रत्येकाला मला काहीतरी बोलता येतं. दिवसात दहा जणांची टर उडवली नाय तर मला अन्न पचत नाय.

तू हेच काम करतोस ना रे? मोठ्या लोकांच्या सोसायट्यांची आवारं धुतोस, वरून औषध लावतोस, नव्यासारखी करून देतोस. परक्यांची अंगणं लखलखीत आणि तुझी आजी स्वतःच्या अंगणात आडवी. आता मला सांग काय करायचं ते. कष्टाचं सांगितलंस तरी चालेल, मी करते. बोचकं तेवढं मी बांधणार नाय.

माया उरली असेल तर पत्रातून पाठव. नसेल तर नुसतं पत्र पाठव, माया मी इथून घालते.

तुझी आजी
गोदूबाई
(हस्ते मैना)


ठाणे
२६ सप्टेंबर २०२४

ती. आजीस,
अक्षयचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र गोदामात आलं तेव्हा आमच्या सेठनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं की कोर्टाची नोटीस आहे का. मी म्हटलं, त्याहून वाईट आहे, आजीचं आहे.

गणपतीला आलो नाही त्याबद्दल काय म्हणायचं ते तू म्हणून झालीस, मी पुन्हा बोलत नाही. कामाचं लिहितो.

तुझ्या अंगणात आहे ती शहाबादी फरशी, घासून गुळगुळीत केलेली. एक गोष्ट आधी: कोंडाजीकाकांना संडास धुवायचं ॲसिड आणू देऊ नकोस. ते नक्की आणतील. त्या दगडात चुना असतो, ॲसिडनं तो खाल्ला जातो आणि फरशी कायमची डागाळते. शेवाळ आधी कोरडं असताना खरवडायचं. मग गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून काथ्यानं किंवा कडक ब्रशनं रगडायचं. काळे डाग राहिले तर ब्लीचिंग पावडरचं पातळ पाणी, पण ते तुळशीच्या मुळाकडे जाऊ देऊ नकोस, नाहीतर लग्नाला नवरीच नसेल. सांध्यांतलं गवत विळ्याच्या टोकानं मुळासकट काढ आणि सांधे रेती-सिमेंटनं भरून घे. गवत राहिलं की तिथं ओल राहते, ओल राहिली की शेवाळ येतंच. पाणी कुठं साचतं तेही बघून ठेव.

मग पाऊस पूर्ण जाऊ दे. त्यानंतर लावायला मी सीलरचा डबा पाठवतो. सीलर म्हणजे दगडावर बसणारा लेप. तो लावला की पाणी आत मुरत नाही आणि शेवाळाला धरायला जागा उरत नाही. आम्ही एका बंगल्याच्या आवारात तो लावला होता, आजी, त्यात आभाळ दिसत होतं. आमचा ड्रायव्हर साहिल महाडच्या एमआयडीसीत माल घेऊन येतो, तो नाते नाक्यावर डबा ठेवील.

आता नीट ऐक, मैनाताईंनी हे दोनदा वाचून दाखवावं. लावण्याआधी फरशी आतून सुकलेली हवी. वरून कोरडी दिसते त्यावर जाऊ नकोस. प्लास्टिकचा एक तुकडा फरशीवर ठेवून चारी कडा चिकटपट्टीनं बंद कर आणि दुसऱ्या सकाळी उचल. खाली घाम आला असेल तर थांब. नसेल तर लाव.

बाबांना यातलं काही कळणार नाही. तू मात्र फोनवर त्यांच्याशी एवढं गोड बोलू नकोस, त्यांना संशय येतोय.

तुझा राग आहे तोपर्यंत तुझी माया आहे हे मला माहीत आहे. दोन्ही चालू ठेव.

तुझा
अक्षय


॥ श्री ॥

वरची वाडी
१८ ऑक्टोबर २०२४

चि. अक्षय यास, अ. उ. आ.

आशीर्वाद मैनानं सवयीनं लिहिले हायत. मी दिले नव्हते. पुढं वाच म्हंजे कळेल.

तू सांगितलंस तसं सगळं केलं. नवरात्रात वाडीच्या बाया गरब्याला खाली नाते गावात जात होत्या आणि मी अंगणात पाट मांडून शेवाळ खरवडत होते. मैना पाणी तापवून द्यायची आणि रगडायची. रगडताना ती अंगणवाडीतली गाणी म्हणते, त्यामुळे काम होतं पण डोकं उठतं. (हेसुद्धा मीच लिहिलं, आजी. — मैना) कोंडाजी तू म्हणालास तसा ॲसिडची बाटली घेऊनच आला. मी त्याला सांगितलं की ती घरी ने आणि ज्यासाठी बनवली हाय तिथंच वापर, तुझ्याकडे गरज हाय. तो रुसला, मग चहा मिळाल्यावर सांधे खरवडायला बसला. सांध्यांतून गवत निघालं, दोन गोट्या निघाल्या आणि वैशालीच्या लग्नातलं जोडवं निघालं. ते मी ठेवून दिलं हाय, तिला सांगू नको, अजून ती माझ्यावर संशय घेते त्यात मला मजा हाय.

दसऱ्यापर्यंत फरशी अशी निघाली की मलाच ओळख पटेना. पाऊस गेला, ऊन कडक पडलं. तुझी प्लास्टिकची परीक्षाही घेतली. प्लास्टिक अंगणाच्या गोठ्याकडच्या कोपऱ्यात चिकटवलं, कारण मधोमध ठेवलं तर सकाळी अडचण होते. सकाळी उचललं तर खाली ठणठणीत कोरडं. मग मैनानं आणि मी तुझा तो डबा फोडला आणि कुंचल्यानं सगळ्या अंगणाला औषध लावलं.

पहिल्या दिवशी आरसा. कोंडाजी त्यात वाकून आपली टोपी सारखी करत होता. मी खूश. मनात म्हटलं, नातू पोलीस झाला नाय ते बरं झालं.

मग ते पांढरं पडायला लागलं. आधी कडेनं, मग मधोमध. आता सगळं अंगण असं दिसतं की कोणीतरी ताकाचा रांजण उपडा केला. आणि जिथं पांढरं नाय तिथं त्याहून वाईट. पहाटे दव पडलं, माझी तांबडी कोंबडी दाणे बघून धावत आली आणि दाण्यांच्या पुढं निघून गेली. थांबायला बघत होती पण थांबेना. अरे, दोन पायांची कोंबडी, नख्या असलेली, ती घसरली! तुझ्या बापाच्या पायाला तर नख्यापण नायत.

मला आता रोज अंगणात बसले की वाडी विचारते की गोदू, दही कधी लागणार. टर उडवायचं काम माझं हाय, ते त्यांनी घेतलं.

तुळशीचं लग्न तोंडावर आलं. काय झालं आणि आता काय करायचं ते लगेच लिही. लगेच म्हंजे गणपतीसारखं नाय.

माया हाय, पण ती सध्या त्या पांढऱ्या थराखाली हाय.

गोदूबाई
(हस्ते मैना)


ठाणे
२३ ऑक्टोबर २०२४

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी सेठना वाचून दाखवलं. कोंबडीपाशी ते इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मग त्यांनी सांगितलं की लेप पांढरा पडतो तो फक्त एकाच कारणानं. दगडाच्या पोटात पाणी असतं, त्याला वर यायचं असतं, वर लेपानं दार लावलेलं असतं.

मी विचार करत बसलो की पाऊस गेला, ऊन पडलं, परीक्षा पास झाली, मग पाणी आलं कुठून. आणि मग पुन्हा वाचलं की प्लास्टिक गोठ्याकडच्या कोपऱ्यात ठेवलं कारण मधोमध सकाळी अडचण होते.

आजी, सकाळी कशाची अडचण होते?

मी सांगतो. तू उठतेस, बादलीत शेण कालवतेस आणि अंगणात सडा घालतेस. पाऊस असो, ताप असो, घोटा सुजलेला असो. फरशी सुकत ठेवल्यावरसुद्धा तू रोज पहाटे तिच्यावर सडा घालत होतीस. लेप लावला त्या दिवशीसुद्धा घातला असशील, आधी. दारात सडा नसला तर लक्ष्मी मागे फिरते असं तूच मला शिकवलंस. लक्ष्मी आली, फरशीच्या पोटात बसली आणि आता तिला बाहेर पडता येत नाही.

तुझ्यावर सगळं ढकलत नाही. चूक माझीही आहे आणि ती मोठी आहे. सेठनी विचारलं की कुठला डबा पाठवलास. सांगितल्यावर ते हसायचे थांबले. तो चकाकीवाला लेप छपराखालच्या जागेसाठी असतो. बंगल्यातसुद्धा तो व्हरांड्यात लावला होता, मी आभाळ बघण्याच्या नादात छप्पर विसरलो. उघड्या अंगणात तो भिजला की काच होते. फरशी सुकलेली असती तरी कोंबडी घसरलीच असती.

आता लेप काढायचं औषध साहिलबरोबर पाठवतो. हातमोजे घालूनच लावायचं, थोडा वेळ ठेवून खरवडायचं, वास फार येतो म्हणून तोंडाला पदर. पुढच्या वेळी लावायला वेगळं सीलर आहे, ते वर थर धरत नाही, दगडात शिरून बसतं, चकाकी अजिबात नाही. तेही पाठवतो. त्यानं शेवाळ कमी होईल.

पण खरं लिहितो. फरशी मुळातच गुळगुळीत आहे. शेवाळ नसलं तरी ओली झाली की पाय सरकणारच, आणि त्यावर डब्यातलं औषध नाही. आम्ही अशा वेळी मशीननं दगड खडबडीत करतो. ते मशीन एवढ्या लांब, एका अंगणासाठी, कोणी देणार नाही. तेव्हा वाटतं, पावसाळ्यापुरतं तरी तू इकडे यावंस. इथं लिफ्ट आहे, खाली बाग आहे, बागेत तुझ्या वयाच्या बायका बसतात.

हे लिहिलं म्हणून तोडू नकोस.

तुझा
अक्षय


॥ श्री ॥

वरची वाडी
५ नोव्हेंबर २०२४

चि. अक्षय यास, अ. उ. आ.

तुझ्या बागेतल्या बायकांना माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, गोदूबाई येत नाय.

मैनानं ते लिफ्टचं वाचलं तेव्हा मी तिला म्हटलं की फाड. तिनं फाडलं नाय, तिला शिकलेल्या माणसासारखी कागदाची दया येते. सड्याचं वाचलं तेव्हा मात्र मी गप्प बसले. मैना म्हणते की मला गप्प बसलेलं तिनं पहिल्यांदा बघितलं. मी ते सडे घातले, होय. तू सुकव म्हणालास ते मला पटलं होतं. पण दारापुढं सडा न घालता दिवस सुरू करायचा म्हंजे तोंड न धुता चहा प्यायचा. हात आपोआप शेणात जातो. मला वाटलं, एवढंसं पाणी, उन्हात उडून जाईल.

आता सडा बंद. नुसता बंद नाय. तुळशीच्या भोवती फरशी नव्हतीच, मातीचा पट्टा होता, तिथं बादली घेऊन जाते आणि तेवढ्यातच सडा घालते. लक्ष्मीला सांगितलं की बाई, या वर्षी थोडं आत चालत ये.

तुझ्या औषधानं लेप निघाला. वास असा की कोंडाजीची म्हैस दोन दिवस आमच्या बाजूला तोंड करेना. फरशी पुन्हा आपल्या रंगावर आली. मग मी तिच्यावर तांब्याभर पाणी ओतलं आणि पाय ठेवला, मैनाचा हात धरून. सरकला. तुझं म्हणणं खरं होतं. मी तिथंच पाट घेऊन बसले आणि दुपारपर्यंत उठले नाय.

दिवाळीचं वाटण करायला घेतलं तर पाटा वाटेना. खोबरं नुसतं वरवंट्याखालून सटकत होतं. पाटा झिजून गुळगुळीत झाला होता, टाकी लावून कैक दिवस झाले होते. मी मैनाला म्हटलं, कोंडाजीला बोलाव, पाट्याला टाकी लावायची हाय. आणि बोलता बोलता माझं लक्ष अंगणाकडे गेलं. अक्षा, पाटा गुळगुळीत झाला तर आपण त्याला गावाला पाठवतो का? टाकी आणि हातोडी घेतो, बारीक बारीक टोचे मारतो, आणि तो पुन्हा धरायला लागतो. मग फरशीनं काय पाप केलंय?

कोंडाजी म्हणाला की अख्खं अंगण म्हंजे पाटा नव्हे. मी म्हटलं की अख्खं नाय, पैज उंबऱ्यापासून तुळशीपर्यंतची हाय. त्यानं पहिल्याच फरशीला असा घाव घातला की ती मधून तडकली. तो पाथरवट असल्यासारखा मारतो. मी त्याच्या हातातून टाकी काढून घेतली. तिरकी धरायची, मनगटातून हलकी मारायची, मुंगी चावल्यासारखी. मी जन्मभर पाटा टाचताना बघत आले हाय, हाताला कळलं. आता मी सकाळी उन्हं आली की गोणपाटावर बसते आणि टाचते. पुढं सरकते, टाचते. मैना म्हणते की वाडीत कुठूनही ऐकू येतं. लोक विचारतात की गोदू, काय चाललंय. मी सांगते की डोंबिवलीची वाट बंद करते हाय.

मनगट दुखतं. रात्री तेल लावते. तुळशीपर्यंतची वाट अर्ध्याच्या पुढं गेली, पण बारीक कच उडते, डोळ्यात जाते. मैनानं मला तिचा चष्मा दिला होता, त्यातून दोन हातोड्या दिसल्या, परत केला. तुमच्याकडे डोळ्यांना लावायचं काही असतं ना, ते पाठव. लिफ्ट नको.

आता माया वर आली हाय, पांढऱ्या थराबरोबर.

गोदूबाई
(हस्ते मैना)


ठाणे
९ नोव्हेंबर २०२४

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

पत्र आज आलं, साहिल आजच निघतोय, म्हणून थोडक्यात. डोळ्यांवरचा गॉगल आणि नाकावरची पट्टी पाठवली आहे. दोन्ही लाव, दगडाची धूळ छातीत जाते. टाचून झालं की फरशी ब्रशनं झाडून धू, पूर्ण सुकव, आणि मग चकाकी नसलेलं सीलर लाव. सडा नाही. लिहितानासुद्धा हसू येतंय, पण सडा नाही.

टाचण्याचं मला सुचायला हवं होतं. लिफ्टचं लिहिलं त्याची लाज वाटली.

पण आजी, तुझ्या बाजूनं असणं मला जड जायला लागलंय. बाबांनी खिडकीजवळचा पलंग तुझ्यासाठी रिकामा केला. स्वतः खाली गादी घालून झोपतात, आतापासून, सवय व्हावी म्हणून. मी आईला विचारलं की बाबा एवढे का पेटलेत. आई म्हणाली की त्यांना फरशीचं नाव काढलं की बोलता येत नाही. ती फरशी त्यांनी स्वतः महाडच्या वखारीत जाऊन निवडली होती, तुला सारवायला वाकायला लागू नये म्हणून. एकेक फरशीवर तळवा फिरवून. जी खरखरीत लागली ती बाजूला काढली.

हे तुला कळवावं की नाही, कळत नव्हतं. पैज तूच जिंकावीस असं मला वाटतं. पण बाबा हरले असं व्हायला नको.

दोघांत कुणाला आधी नमस्कार करावा ते कळत नाही, म्हणून तुलाच पुन्हा करतो.

तुझा
अक्षय


॥ श्री ॥

वरची वाडी
१७ नोव्हेंबर २०२४

चि. अक्षय यास, अ. उ. आ.

तू लग्नाला आला नाहीस, पण या वेळी मी काही बोलत नाय. गॉगल चांगला हाय. तो लावून मी अंगणात बसले तर पोरं मला विचारायला लागली की आजी, हेलिकॉप्टर कुठं ठेवलं.

वाट पुरी झाली. उंबऱ्यापासून तुळशीपर्यंत, दोन माणसं शेजारून चालतील एवढी रुंद. दोन्ही बाजूंना गुळगुळीत तशीच राहिली, मनगटानं तेवढ्यावर हात टेकले. सीलर लावलं, सुकवलं, सडा घातला नाय.

लग्नाच्या दिवशी तुझा बाप दुपारी आला. हातात मोठी बॅग, रिकामी. माझे कपडे भरायला. वैशालीनं ती दाराआड ठेवली, पण मला दिसली. त्यानं उभ्याउभ्या चहा घेतला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, चपला काढल्या आणि हंडा मागितला. सगळी वाडी जमली होती, भटजीसुद्धा अंतरपाट काखेत धरून बघत होते. त्यानं पाणी ओतलं. कंजूसपणा केला नाय, दुसरा हंडा मागून तोही ओतला.

आणि चालला. मी उंबऱ्यावर बसून त्याचे पाय बघत होते. तो टाच दाबून चालत होता, अंगठा वळवून बघत होता, मध्येच मुद्दाम पाय घासला. फरशीनं धरलं. तुळशीपाशी पोचला, वृंदावनावर हात टेकवला. कोंडाजीनं टाळी वाजवली. मी टाळी वाजवली नाय, तुझं शेवटचं पत्र माझ्या डोक्यात होतं.

तो परत फिरला. आणि अर्ध्या वाटेत, अक्षा, त्यानं मुद्दाम बाजूच्या गुळगुळीत फरशीवर पाय टाकला. म्हणाला की आई काय रेघेवरून चालते? कोणी हाक मारली तर ती इकडं वळणार. म्हणाला आणि गेला. दोन्ही पाय वर. पाण्यात असा बसला की शिंतोडा भटजींच्या धोतरावर आला.

कोणी हसलं नाय. मला हसू आलं होतं, पण त्याचं तोंड बघितलं आणि गिळलं. तो उठेना. ओल्या फरशीवर तळवा फिरवत बसला आणि खाली मान घालून म्हणाला की ही मीच निवडली.

मी उठले. माझ्या टाचलेल्या वाटेवरून चालत त्याच्यापर्यंत गेले, कुणाचा हात न धरता, ओल्यातून. त्याला सांगितलं की निवडलीस ते मला माहीत हाय, आणि या फरशीमुळे इतकी वर्षं मला सारवायला वाकावं लागलं नाय, माझी कंबर अजून ताठ हाय ती त्यामुळे. घोटा एकदा सुजला त्याची रड किती दिवस चालवायची? आणि तू म्हणतोस ते मला पटलं, मी रेघेवरून चालणारी बाई नाय. वाटेच्या बाहेर मी जाणारच. तर वाटेच्या बाहेरची फरशी टाचायची कोणी? माझं मनगट गेलं. मग पदराखालून टाकी आणि हातोडी काढून त्याच्या मांडीवर ठेवली.

त्यानं टाकी उचलून बोटांत फिरवली. मग विचारलं की तिरकी धरायची का.

तुळशीचं लग्न उशिरा लागलं. नवऱ्याकडचा माणूस म्हणून जो उभा राहायचा तोच भिजलेल्या पँटीत होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं कंपनीत फोन करून रजा वाढवली. वैशाली परत गेली, तो इथं हाय. सकाळी गॉगल लावून बसतो. कोंडाजीपेक्षा बरा मारतो, माझ्यापेक्षा वाईट. दर फरशी झाली की पाणी ओततो, वर उभा राहतो आणि मला हाक मारतो, मग मी जाऊन उभी राहते. काल त्यानं स्वतःहून सांगितलं की पावसाळ्याआधी एक वेळ आणि पावसाळ्यानंतर एक वेळ तो येणार, शेवाळ खरवडायला, सीलर लावायला, तुला बरोबर घेऊन. तुला विचारलं नाय, परस्पर ठरलं. डोंबिवलीच्या पलंगावर आता तू झोप. त्या मोठ्या बॅगेतून कोंडाजी सांध्यांसाठी नदीची रेती घेऊन आला, ती आता कपड्यांच्या कामाची राहिली नाय.

त्याच्या हाताला फोड आले हायत, पण कामाच्या जोरावर जेवतो असा की मैनानं हातातलं लिहिणं टाकून दोनदा भाकऱ्या थापल्या. तर माया तिथंच ठेव आणि साहिलच्या गाडीतून सुके बोंबील पाठव. लांब, पांढरे, वास नीट घेऊन घे. दोन जुड्या. कोंडाजीला वास लागतोच, म्हणून तीन.

गोदूबाई
(हस्ते मैना. चार पाठव, मी पण आहे.)